कुक्कू आणि कोकीळ

चैत्र लागला की रत्नागिरीच्या आंबेबागांतून कोकिळाचा चढत जाणारा सूर दिवसभर कानी पडतो. येथील शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला ‘कुक्कू’ हा शब्द प्रथम भेटतो, तेव्हा तो ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. मग कोणी वडीलधारा त्याला अभिमानाने सांगतो, की हा मूळचा आपलाच शब्द, येथूनच तिकडे गेलेला. या समजुतीला कानाला जाणवणाऱ्या साम्याखेरीज दुसरा आधार नाही, आणि तेवढा आधार पुरेसा नाही.

संस्कृत ‘श्वन्’, लॅटिन ‘कानिस’ व इंग्रजी ‘हाउंड’ ही कुत्र्याची तीन नावे पाहावीत. ऐकताना ती परकी वाटतात, तरीही सख्खी भावंडे आहेत. या भाषाकुळातील मूळचा ‘क’ जर्मानिक शाखेत ‘ह’ होतो, हा नियम याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडला. ‘कुक्कू’ हा शब्द वारशाने आला असता, तर त्याच्या ‘क’चीही तीच गत झाली असती. वस्तुतः प्राचीन इंग्रजीत या पक्ष्याचे नाव ‘गेआक’ असे होते. ते मागे पडून फ्रेंच वळणाचे नवे नाव तेराव्या शतकात रूढ झाले. रेडिंग येथील मठाशी संबंध असलेल्या त्या शतकातील एका हस्तलिखितात वसंतागमनाचे सुप्रसिद्ध गीत आहे. त्यात हे नाव घुमताना आढळते. हंगेरियनमध्ये ‘काकुक’, तुर्कीत ‘गुगुक’, जपानीत ‘काक्को’! या भाषा तर आपल्या कुळातल्याही नव्हेत. कोकीळ व कुक्कू हे पक्षी एका कुळातले खरे, त्यांच्या हाकाही काहीशा मिळत्याजुळत्या. पण नाते आहे ते पक्ष्यांचे.

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. ‘काक’ हे नाव आवाजाच्या अनुकरणातून आले आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा घडते, असे यास्काने निरुक्तात म्हटले. त्याच ठिकाणी त्याने औपमन्यवाचे विरुद्ध मतही नोंदवले आहे. अनुकरणाने शब्द होतच नाहीत, हाकलून लावण्याजोगा तो काक, अशी औपमन्यवाची व्युत्पत्ती! कावळ्याने अन्नाला चोच लावल्यावर गृहिणीला ती पटेल. मला यास्काचेच म्हणणे ग्राह्य वाटते.

भाषांचे नाते शोधायचे कोठे, याची जाण फादर थॉमस स्टीफन्स यांना होती. ‘क्रिस्तपुराणा’चा हा कर्ता २४ ऑक्टोबर १५८३ रोजी गोव्याहून आपल्या भावाला पत्र लिहितो. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असे त्यात तो सांगतो. सर विल्यम जोन्स यांचे विख्यात व्याख्यान झाले ते १७८६ साली, आणि त्यांचाही भर क्रियापदांच्या धातूंवर व व्याकरणाच्या रूपांवर होता.

नाव आवाजावरून पडले, तरी अर्थ पक्ष्याच्या वर्तनावरून फुटत गेले. कुक्कू दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालते, म्हणून पत्नीने फसवलेल्या नवऱ्याला इंग्रजीत ‘ककोल्ड’ म्हणू लागले. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त पाचव्या अंकात दुष्यंत याच परभृतेचा दाखला देऊन स्त्रीजातीला उपजत कपटी ठरवतो. तिकडे हसू नवऱ्याचे, इकडे बोल गर्भवती पत्नीला. विसाव्या शतकात अमेरिकेत ‘कुक्कू’ म्हणजे वेडसर माणूस, असा आणखी एक अर्थ रुळला. (जाता जाता, आपण जिला ‘गानकोकिळा’ म्हणून गौरवितो, ती मादी गातच नाही. कुहूकुहू करतो तो काळा नर.)

मात्र कान जे ऐकतो ते जसेच्या तसे उच्चारतो, असेही नाही. रत्नागिरीत अधिकारी असलेले जी. डब्ल्यू. विडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८८० साली प्रसिद्ध केली. त्यांच्या काळच्या गोऱ्या लोकांना उन्हाळ्यात पावशाची चढत जाणारी हाक असह्य होई. त्यांना ती ‘ब्रेन फीवर’ अशी ऐकू येई, आणि तेच त्या पक्ष्याचे नाव झाले. उत्तरेतील विरहिणीला त्याच हाकेत ‘पी कहाँ’ असा प्रश्न ऐकू आला. कोकणातल्या शेतकऱ्याची दाढ भाजून झालेली असते, बियाणे घरात तयार असते आणि नजर मृगाच्या ढगांकडे लागलेली असते. त्याला पावशा सांगतो, ‘पेरते व्हा’.