आगोट आणि बारमाही रस्ता

कोंकणाच्या इतिहासावर लिहिणारे बहुधा किल्ले, बंदरें आणि लढाया यांचाच हिशेब मांडतात. मालाची ने-आण करणाऱ्या मनुष्याचा विचार त्यांत क्वचितच येतो. वाट चालू असते तोंपर्यंत त्याची कोणास आठवण होत नाहीं, आणि वाट बंद पडली म्हणजे होते ती तक्रारीच्या रूपानें. ‘माल आला नाहीं’ असें आपण म्हणतों. तो आणणारा कोठें अडकला आहे, हें विचारीत नाहीं. गुहागर तालुक्याच्या वाटांचा इतिहास या दृष्टीनें पाहूं लागलों म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. पूर्वीं वाट बंद होण्याचा भार साऱ्या गांवावर वांटलेला असे. आज तो मालाची गाडी हांकणाऱ्या एकट्या ड्रायव्हरवर येऊन पडला आहे.

गुहागरचें स्थानच पाहावें. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस दाभोळची खाडी, दक्षिणेस जयगडची खाडी, आणि पूर्वेस चिपळुणापलीकडे सह्याद्रीची भिंत. खाडीच्या पैलतीरावरील दाभोळ हें बहामनी अमदानींत मोठें बंदर होतें. १५०८ सालच्या डिसेंबरांत पोर्तुगीजांच्या आल्मेदानें तें जाळलें. या किनाऱ्याचा माल कुंभार्लीसारख्या घाटवाटांनीं बैलांच्या पाठीवरून देशावर चढे, आणि देशावरचें धान्य त्याच वाटांनीं खालीं उतरे. मात्र हा सारा व्यवहार आठ महिन्यांचा होता. ज्येष्ठांत पाऊस लागला कीं गलबतें किनाऱ्यावर ओढून ठेवीत, घाटांतून बैलांचे तांडे येईनासे होत, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राची वाट मिटे. कोंकणांतील गृहिणीस हें पंचांगाइतकें पाठ होतें. म्हणूनच वैशाखांत आगोटीची बेगमी होई. तांदूळ, मीठ, मिरची, सुकी मासळी, जळाऊ लांकडें, सारें चार महिन्यांचें एकदम घरांत येऊन पडे. वाट बंद होई, पण तिनें कोणी फसत नसे; कारण बंद होण्याचा काळ सर्वांस ठाऊक असे, आणि त्याची तरतूद घरोघर आधींच झालेली असे.

मोटारीचा रस्ता आणि नद्यांवरील पूल यांनीं ही स्थिति पालटली. महाडजवळ सावित्रीवर १९२८ सालीं दगडी पूल झाला. जगबुडी व वाशिष्ठी याही नद्या पुलांनीं बांधल्या गेल्या. गुहागरहून निघून चिपळूण, कुंभार्ली घाट व कऱ्हाड या मार्गानें विजापुराकडे जाणारा रस्ता आज राष्ट्रीय महामार्गांत गणला जातो. बारमाही वाटेचे कोंकणावर थोर उपकार आहेत, यांत शंका नाहीं. आजारी मनुष्य भर आषाढांत मुंबईस पोहोंचूं लागला, आणि आगोट हळूहळू रिवाजापुरती उरली. परंतु रस्त्यानें आगोट घालविली. पाऊस घालविला नाहीं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीचा तोच पूल पुरांत कोसळला, आणि एस. टी. च्या दोन गाड्या व एक मोटार प्रवाशांसह वाहून गेल्या. पूल नाहींसा झाल्याचें अंधारांत ध्यानांत आलें तें जवळच्या गॅरेजांतील एका कामगाराच्या. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं मागून येणारीं वाहनें थोपविलीं. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून ५ जून २०१७ रोजीं खुला झाला, हें खचितच भूषणावह होय. पुढें २२ जुलै २०२१ च्या महापुरांत चिपळूण बुडालें, वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग खचला, आणि महामार्ग पुन्हां तुटला.

ही झाली निसर्गाची अडवणूक. पण मनुष्याला रस्ता सुधारण्यासाठींही तो बंद करावा लागतो. परशुराम घाटांत रुंदीकरणाचें काम चालू असतां २०२२ सालीं २५ एप्रिलपासून महिनाभर दररोज दुपारीं बारापासून पांचपर्यंत घाट बंद राहिला. पावसापूर्वीं काम उरकणें अवश्य होतें. त्यास आम्ही नांव ठेवीत नाहीं. परंतु हाच महिना हापूसचा. हलक्या गाड्यांस चिरणीवरून आडवाट होती; अवजड गाडीच्या ड्रायव्हरपुढें तीनच मार्ग उरले. उन्हांत पांच तास उभें राहावें. कुंभार्ली चढून कऱ्हाड, सातारा, पुणें असा सुमारें दीडपट वळसा घालावा. किंवा २००३ सालीं सुरू झालेल्या धोपावे-दाभोळ फेरीबोटीनें खाडी ओलांडून दापोली-मंडणगडच्या वळणावळणांच्या रस्त्यानें जावें. सरकारी पत्रकांत ज्यास ‘पर्यायी मार्ग’ म्हणतात, ती बहुतेक आपल्या पूर्वजांचीच घाटवाट किंवा तरीची वाट असते. फरक इतकाच कीं, पूर्वजांस त्या वाटेनें जाण्याची घाई नव्हती. आज घाट पांचास उघडतो आणि वाशीचा बाजार पहाटे भरतो. मधली रात्र ड्रायव्हरची. जेथें मजुरी खेपेवर ठरते, तेथें उभ्या राहिलेल्या तासांचें मोल शून्य धरलें जातें, आणि तें भरून काढण्यासाठीं तो झोप मोडून कशेडीचीं वळणें घेतो.

अशा रात्रीं अपघात झाला म्हणजे दोष कोणाकडे जातो, हें सांगावयास नको. ड्रायव्हर निर्दोषच असतात, असें आमचें म्हणणें नाहीं. बेफिकिरी व व्यसन हीं त्या धंद्यांतही आहेत. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें ड्रायव्हरवर जखमी मनुष्यास मदत करण्याचें कर्तव्य घालतांना, जमावाच्या क्षोभामुळें तें अशक्य झाल्यास सूट ठेवली आहे. म्हणजे जमाव प्रथम ड्रायव्हरवर धांवतो, हें कायद्यासही मान्य आहे. अपघातानंतर न कळवितां पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद नव्या न्याय संहितेंत आली, तेव्हां १ जानेवारी २०२४ रोजीं देशभर ड्रायव्हर संपावर गेले आणि शहरांतील पेट्रोलपंपांपुढें रांगा लागल्या. दुसऱ्याच दिवशीं सरकारनें विचारविनिमयाचें आश्वासन दिलें. १ जुलै २०२४ रोजीं संहिता अमलांत आली तेव्हां तें कलम वगळून आली.

भार वांटून घेतां येतो, याचें एक उदाहरण कोंकणांतच आहे. १९९९ च्या जानेवारींत कोंकण रेल्वेनें कोलाड ते वेर्णे भरलेल्या मालमोटारी आगगाडीच्या उघड्या वाघिणींवर चढवून नेण्यास आरंभ केला. ड्रायव्हर व क्लीनर आपल्या गाडीसह जातात, आणि घाटांतील तो जागता प्रवास वांचतो.

आमच्या मतें आगोटीचें तत्त्व नव्या रूपानें परत आणण्याजोगें आहे. घाट बंद होण्याचे दिवस पुरेसे आधीं जाहीर व्हावे. चिपळुणास व लोट्यास सांवली, पाणी व निजावयास जागा असलेले वाहनतळ असावे. आणि अडून राहिलेल्या तासांचा आकार भाड्यांत धरून तो ड्रायव्हरच्या हातांत पडावा. त्यामुळें आंब्याची पेटी थोडी महाग होईल, हें खरें. आपल्या आज्यांनीं वैशाखांत जो खर्च निमूटपणें केला, त्याच्या मानानें तो फार नव्हे.