समुद्र ओलांडला की रोग बदलतो?

मंडळी, रक्तातली साखर न्यूयॉर्कला मोजा नाहीतर लंडनला, मधुमेह तो मधुमेहच. आकड्यांची एककं तेवढी वेगळी. मनाच्या आजारांचं मात्र असं नव्हतं. १९६१ साली मॉर्टन क्रेमर या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने दोन्हीकडच्या मनोरुग्णालयांचे आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवले. अमेरिकेत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण भरमसाट, तर इंग्लंड-वेल्समध्ये मॅनिक डिप्रेशनचे कितीतरी पट जास्त. आता माणसं वेगळी म्हणायची, की डॉक्टर वेगळे?

याचा छडा लावायला दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून एक प्रकल्प हाती घेतला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन स्टेट हॉस्पिटलात आणि लंडनजवळच्या नेदर्न हॉस्पिटलात ओळीने दाखल झालेले २५०-२५० रुग्ण घेतले. तिथल्या डॉक्टरांचं निदान एका बाजूला ठेवलं, आणि प्रकल्पाच्या डॉक्टरांनी त्याच रुग्णांना ठरवून दिलेले प्रश्न ठरलेल्या पद्धतीने विचारले. रुग्णालयांच्या कागदांवर स्किझोफ्रेनियाचं प्रमाण ब्रुकलिनमध्ये जवळजवळ दुप्पट होतं. एकाच पद्धतीने तपासल्यावर हा फरक बहुतेक विरघळून गेला! ब्रुकलिनमध्ये स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसलेले कित्येक जण नैराश्याचे किंवा उन्मादाचे रुग्ण निघाले.

मग रुग्णांच्या मुलाखतींच्या चित्रफिती दोन्ही देशांतल्या मनोविकारतज्ज्ञांना दाखवल्या. काही रुग्णांबद्दल सगळ्यांचं एकमत झालं. पण एका रुग्णाला ६९ टक्के अमेरिकन तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनिया ठरवलं, आणि ब्रिटिश तज्ज्ञांपैकी फक्त २ टक्क्यांनी. माणूस तोच, बोलणं तेच, फीतसुद्धा तीच. अमेरिकेत तेव्हा मनोविश्लेषणाचा दबदबा होता आणि स्किझोफ्रेनियाची व्याख्या इतकी सैल, की त्या पिशवीत काहीही मावायचं.

नुसत्या नावाने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. पण उन्मादावर गुणकारी ठरलेल्या लिथियमला १९७० साली अमेरिकेत परवानगी मिळाली. ज्याच्या कागदावर चुकून स्किझोफ्रेनिया लिहिलेलं, त्याच्यापर्यंत ते औषध पोचणार कसं? शिवाय हा शिक्का नोकरी, लग्न, सगळीकडे माणसाच्या पाठोपाठ जातो. आपल्या समाजात तर तो अख्ख्या घराण्याला लागतो.

याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने नऊ केंद्रांत १,२०२ रुग्णांची पाहणी केली. लंडन, वॉशिंग्टन, मॉस्को, प्राग यांच्याबरोबर त्यात आपलं आग्राही होतं. प्रश्नावलीचं हिंदी भाषांतर करून तिथल्या रुग्णांना तेच प्रश्न विचारले गेले. १९७३ च्या अहवालात दिसलं, की काटेकोर तपासणी केली तर स्किझोफ्रेनियाचा गाभा नऊही ठिकाणी सापडतो. इतरांपेक्षा सैल व्याख्या वापरणारी केंद्रं दोनच, वॉशिंग्टन आणि मॉस्को! शीतयुद्धात बाकी कशावर पटत नव्हतं, यावर पटलं. आग्र्याचं निदान मात्र बहुसंख्य केंद्रांच्या रांगेत होतं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

१९७३ म्हटलं की लोकांना आठवतो तो डेव्हिड रोझनहानचा प्रयोग. आठ धडधाकट माणसं आवाज ऐकू येतात अशी थाप मारून मनोरुग्णालयांत भरती झाली आणि सरासरी १९ दिवस अडकून पडली, अशी ती गोष्ट. गाजली खूप. पण २०१९ मध्ये सुझाना कॅहलन या पत्रकार बाईंनी जुनी कागदपत्रं धुंडाळली, तेव्हा रोझनहानने स्वतः भरती होताना लेखात सांगितलं त्यापेक्षा बरीच जास्त लक्षणं डॉक्टरांना सांगितली होती, असं दिसलं. आठांपैकी बहुतेक माणसांचा पत्ताच लागला नाही. म्हणून मला विचाराल तर ब्रुकलिनचा रुक्ष अभ्यास या नाट्यापेक्षा कितीतरी भक्कम पुरावा आहे.

या सगळ्याची परिणती म्हणजे १९८० चं डीएसएम-तीन, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक. रॉबर्ट स्पिट्झर यांच्या देखरेखीखाली १३४ पानांच्या जुन्या पुस्तकाचा ४९४ पानांचा ग्रंथ झाला. कुठली लक्षणं, किती, किती दिवस, सगळं लिहून दिलं. हेतू असा, की दोन डॉक्टरांचं निदान जुळावं. याला म्हणतात विश्वासार्हता.

पण निदान जुळलं म्हणजे ते खरं असतं का? पत्रिका तीन ज्योतिषांना दाखवा. पंचांग एकच असेल तर तिघेही सांगतील, मुलीला मंगळ आहे. विश्वासार्हता शंभर टक्के! त्या मंगळाने खरंच कुणाचं काही बिघडतं का, हा निराळा प्रश्न, आणि शास्त्रात त्याला यथार्थता म्हणतात. समलैंगिकता हा आजार आहे, यावर अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ कित्येक वर्षं बऱ्यापैकी एकमतात होते. डिसेंबर १९७३ मध्ये त्यांच्या संघटनेने तो यादीतून काढला. त्यावर १९७४ मध्ये सभासदांचं मतदान झालं आणि ५८ टक्क्यांनी निर्णय उचलून धरला. क्षयरोग आहे की नाही हे कुणी मतदानाने ठरवत नाही.

यथार्थतेची कसोटी कशी लावायची हे रॉबिन्स आणि गूझ यांनी १९७० मध्येच सांगून ठेवलं होतं: लक्षणांचं नेमकं वर्णन, प्रयोगशाळेतली तपासणी, इतर आजारांपासून वेगळेपणा, रुग्णाचं पुढे काय होतं, आणि कुटुंबात तो आजार दिसतो का. यातला प्रयोगशाळेचा रकाना स्किझोफ्रेनिया आणि नैराश्य या दोन्ही बाबतींत अजून कोराच आहे. जुळण्याचा प्रश्नही पुरता सुटला नाही. २०१३ मध्ये डीएसएम-पाचच्या चाचण्यांचे निकाल आले. निव्वळ योगायोग वजा जाता शून्य ते एक अशा मापावर मानसिक आघातानंतरच्या विकाराला ०.६७ गुण मिळाले. पण आपण सगळे सहज ज्याचं नाव घेतो, त्या डिप्रेशनला फक्त ०.२८.