एका वाटेचे शहर

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात काशाची एक लहानशी मूर्ती आहे. ती आपल्यापैकी कोणा देवाची नव्हे. ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, पॉसायडनची आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीतून ती निघाली. समुद्राचा देव घाटमाथ्यावर कसा आला, असे मुले हटकून विचारतात. पश्चिमेच्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही येथे येत होता, हे त्याचे उत्तर.

आणि घाटही एकच नव्हता. आंबा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली अशी नावे आजचा कोणताही एस. टी. ड्रायव्हर एका दमात सांगेल. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून वंजाऱ्यांचे तांडे चालत, त्या काळी एका खिंडीत दरड कोसळली तर शेजारची खिंड धरावी, हा सरळ व्यवहार होता. शिलाहार राजा भोज याने पन्हाळा बांधला तो काही हवा खाण्यासाठी नव्हे. देशावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर तेथून नजर राहते.

पुढे आगगाडीचे युग आले. 1888 साली कोल्हापूर-मिरज रेल्वेची कोनशिला बसली, ती शाहू महाराजांच्या हस्ते. महाराज तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचे होते; राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली ती 1894 साली. 1891 साली गाडी सुरू झाली. अंतर तीस मैलांच्या आतलेच. पण त्या तीस मैलांनी कोल्हापूर मुंबई-पुण्याशी जोडले गेले. महाराजांची दृष्टी अशी की, 1895 साली त्यांनी स्थानकाच्या शेजारीच शाहूपुरी वसवून गुळाचा व्यापार तेथे आणला. गुळाची ढेप गाड्यावरून उतरावी आणि वाघिणीत चढावी. मध्ये फार वाट तुडवायला नको. रस्ता आणि रूळ यांची अशी सांगड घालणे हेच खरे नियोजन. आजच्या योजनांत मला ते क्वचितच दिसते. 1939 साली राजाराम महाराजांनी विमानतळही उघडला. म्हणजे ज्याने लहानपणी बैलगाडीतून जोतिबा केला, त्याने म्हातारपणी डोक्यावरून विमान गेलेले पाहिले.

मग बिघडले कोठे? ट्रक आला. तो दारापर्यंत येतो आणि वेळापत्रक मागत नाही, म्हणून सर्वांना सोयीचा वाटला. साखर, गूळ, गोकुळचे दूध, शिरोलीच्या कारखान्यांतील ओतीव काम, सारे पुणे-बंगळूर महामार्गावर लोटले. रस्ता चौपदरी झाला, आता सहापदरी होत आहे. तरी दिवाळीच्या सुटीत पुण्याहून सहकुटुंब गावी निघालेल्या वाचकांना मी निराळे काय सांगावे! रुंदी वाढली म्हणजे वाट मोकळी होते, हा समज मला भाबडा वाटतो. पाहुण्यांसाठी ओसरी वाढवली की पाहुणेही वाढतात.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढले. कित्येक दिवस ट्रकांच्या रांगा दोन्ही अंगांना उभ्या होत्या. शहरात पेट्रोल मिळेना, दूध मुंबईला जाईना. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. त्या पाण्याने चार पदर आणि दोन पदर असा भेद केला नाही. याउलट 2024 साली करूळ घाट दुरुस्तीसाठी बंद पडला, तेव्हा वाहने भुईबावडा आणि फोंडा घाटांनी वळवली. वळसा पडला, पण कोकण तुटले नाही. तांड्यांचा जुना रिवाजच कामी आला.

रेल्वेने कोकण गाठण्याची कल्पना मात्र कागदावरच आहे. कोल्हापूर-वैभववाडी हा सुमारे 107 किलोमीटरचा मार्ग 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. तो झाला तर कोकण रेल्वे आणि बंदरे कोल्हापूरला जोडली जातील. निदान काही माल तरी महामार्गावरून उतरेल. पण कोल्हापूरच्या स्थानकात रूळ 1891 साली संपले ते अजून पश्चिमेकडे सरकलेले नाहीत, आणि शाहूपुरीतल्या गुळाला कोकणात जायचे तर ट्रकनेच घाट उतरावा लागतो.