लॅम्डा : विश्वशास्त्रातील एका अक्षराची कुळकथा

विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणाऱ्या कृष्ण ऊर्जेची खूण म्हणून आज ‘लॅम्डा’ हे ग्रीक अक्षर वापरले जाते. मात्र या शास्त्रात त्याचा प्रवेश झाला तो नेमक्या उलट कामासाठी, म्हणजे विश्वाला जागच्या जागी थोपवून धरण्यासाठी. ८ फेब्रुवारी १९१७ रोजी अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी बर्लिनच्या प्रशियन अकादमीपुढे मांडलेल्या निबंधात सामान्य सापेक्षतेची समीकरणे समग्र विश्वाला लावून पाहिली, तेव्हा सर्व वस्तुमान एकमेकांना ओढत असताना विश्व स्थिर कसे, हा पेच उभा राहिला. तो सोडवण्यासाठी त्यांनी समीकरणात एक पद वाढवले आणि त्यातील स्थिरांकाला लॅम्डा हे अक्षर दिले. या पदामुळे अंतरासोबत वाढत जाणारे प्रतिकर्षण, म्हणजे दूर लोटणारा परिणाम, निर्माण होतो. स्थिरांक मात्र इतका लहान की सूर्यमालेत त्याचा मागमूसही लागू नये. ताऱ्यांचे वेग अल्प दिसतात, म्हणून द्रव्याची स्थिर मांडणी शक्य व्हावी एवढ्याचसाठी हे पद लागते, असे आइन्स्टाइन यांनी निबंधाच्या अखेरीस स्वतःच नमूद केले होते.

अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये आणि बेल्जियमचे धर्मगुरू-गणिती जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये प्रसरणशील विश्वाची गणिते मांडली, १९२९ मध्ये एडविन हबल यांनी दीर्घिकांचे अंतर व त्यांचा दूर जाण्याचा वेग यांचे नाते दाखवले, आणि १९३१ मध्ये आइन्स्टाइन यांनी लॅम्डा सोडून दिला. त्यांनी त्याला आपली सर्वांत मोठी घोडचूक म्हटल्याची गोष्ट प्रसिद्ध झाली ती जॉर्ज गॅमोव्ह यांच्या सांगण्यावरून. परंतु तिच्यामुळे खरा दोष झाकला जातो. आर्थर एडिंग्टन यांनी १९३० मध्ये दाखवल्याप्रमाणे आइन्स्टाइन यांच्या विश्वाचा तोल टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखा होता : ते किंचित फुगले तर फुगतच जाईल, किंचित आकसले तर आकसतच जाईल. पद बरोबर होते, त्याच्याकडून करवून घेतलेले काम चूक होते.

लमेत्र यांनी मात्र लॅम्डा टाकला नाही, आणि या अक्षराच्या आजच्या अर्थाचे मूळ त्यांच्याकडेच आहे. १९३४ मध्ये त्यांनी हे पद म्हणजे रिक्त अवकाशाचीच ऊर्जा असल्याचे सुचवले. सिलिंडरमधील वायूला जागा वाढवून दिली की तो विरळ होतो. या ऊर्जेची घनता मात्र जागा दुप्पट झाली तरी तेवढीच राहते, म्हणजे एकूण ऊर्जा दुप्पट होते, आणि असे होण्यासाठी तिचा दाब ऋण असावा लागतो. सापेक्षतेनुसार दाबही गुरुत्वाकर्षणाला कारण होत असल्याने, पुरेसा ऋण दाब ओढण्याऐवजी दूर लोटतो. १९६७ मध्ये याकोव्ह झेल्दोविच यांनी या पदाचा संबंध पुंजभौतिकीतील निर्वाताच्या ऊर्जेशी जोडला. त्या मार्गाने केलेला ढोबळ हिशेब निरीक्षणांपेक्षा एकावर सुमारे १२० शून्ये इतक्या पटींनी मोठा येतो, आणि ही तफावत अद्याप सुटलेली नाही.

लॅम्डाचा पुरावा आला तो ‘१ए’ प्रकारच्या सुपरनोव्हांतून. श्वेत बटू ताऱ्याचे वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेजवळ, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटींजवळ, गेल्यावर होणाऱ्या या स्फोटांचे तेज बरेचसे सारखे मानता येते, म्हणून ते किती मंद दिसतात यावरून अंतर काढता येते. हे स्फोट शोधण्यासाठी अमावास्येनंतर लगेच चिलीतील दुर्बिणीतून हजारो दीर्घिकांची छायाचित्रे घ्यावयाची, सुमारे तीन आठवड्यांनी, पुढच्या अमावास्येच्या तोंडावर, तोच आकाशभाग पुन्हा टिपावयाचा आणि संगणकावर एकातून दुसरे वजा करावयाचे. जो ठिपका उरेल त्याचा वर्णपट हवाईतील केक दुर्बिणीने तपासावयाचा. १९९८ मध्ये सॉल पर्लमटर यांच्या, तसेच ब्रायन श्मिट व अ‍ॅडम रीस यांच्या गटाला हे स्फोट अपेक्षेहून मंद आढळले. दुसऱ्या गटाच्या मोजणीत, लॅम्डा नसलेल्या विरळ विश्वात अपेक्षित असलेल्या अंतरापेक्षा ते १० ते १५ टक्के दूर होते, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढत होता. त्याच वर्षी मायकेल टर्नर यांनी ‘कृष्ण ऊर्जा’ हा शब्दप्रयोग रूढ केला, आणि २०११ चे भौतिकीचे नोबेल पर्लमटर, श्मिट व रीस या तिघांना मिळाले.

पुण्याच्या आयुका संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी सहकाऱ्यांसह याच मंदपणाचे दुसरे कारण मांडले होते : दीर्घिकांच्या दरम्यान पसरलेली, सुईसारख्या कणांची धातूची धूळ. तो पर्याय बहुसंख्यांनी स्वीकारला नाही, तरी मंदपणा आणि त्याचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने स्पष्ट केले. आजच्या हिशेबात विश्वातील ऊर्जेचा सुमारे ६८ टक्के वाटा लॅम्डाकडे जातो. मात्र अ‍ॅरिझोनातील ‘डेसी’ या सर्वेक्षणाने २०२४ व २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजण्यांत, इतर निरीक्षणांशी जोडून पाहता, ही ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असावी असे संकेत आहेत, आणि ते पक्के ठरले तर तिच्यासाठी स्थिरांकाचे हे अक्षर वापरता येणार नाही.