मुद्रा, मर्यादा आणि अंगठा

दसरा झाला कीं आमच्या बीड जिल्ह्यांतील कित्येक गांवें ओस पडूं लागतात. नवराबायकोच्या जोडीला ऊसतोडीच्या मुकादमाच्या हिशेबांत 'एक कोयता' म्हणतात; असे हजारों कोयते पश्चिम महाराष्ट्रांतील आणि कर्नाटकांतील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पुढले पांच-सहा महिने त्यांचा संसार उसाच्या फडापाशीं. शिधापत्रिका परगांवींही चालावी अशी योजना २०१९ पासून देशांत सुरू झाली. पण तेथें नुसता कागद दाखवून भागत नाहीं. दुकानांतील यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. त्या अंगठ्याची खूण पुढें कोणत्या दारांतून जाते आणि त्या दारावर कोणती चौकी असावी लागते, हें आज सांगावयाचें आहे. मी जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला. तेव्हां आरंभ इतिहासापासून केला तर आपण क्षमा कराल.

शिवछत्रपतींचीं अस्सल पत्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना ठाऊक आहे कीं पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असते, आणि मजकूर संपतो तेथें 'मर्यादेयं विराजते' अशा अक्षरांचा लहान शिक्का असतो. यालाच मोर्तब म्हणत. पुढें पेशव्यांच्या पत्रांत 'लेखनसीमा' हा शिक्का येऊं लागला. अर्थ एकच: मजकुराची हद्द येथें संपली; याच्या खालीं कोणीं ओळ वाढविली तर ती आमची नव्हे. लिहिणारा चिटणीस निराळा, पत्र पोंचविणारा जासूद निराळा. जासुदाच्या हातीं पत्र असे, मुद्रा नसे. तो फितूर झाला तर पत्र दडवील किंवा फाडील. परंतु नवें अस्सल पत्र त्याला निर्माण करतां येत नसे.

या व्यवस्थेंत एकच मोठें छिद्र संभवतें. मुद्रा खरी, ती उमटविणारा हातही खरा, पण मजकूर न वाचतां उमटविलेली! खोटी मुद्रा संशोधकाच्या भिंगाखालीं पकडली जाते. खऱ्या मुद्रेचा खोटा कागद ओळखणें महाकठीण. ही गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण पुढील सारें विवेचन तिच्याभोंवतींच फिरतें.

संगणकाच्या राज्यांत हाच प्रश्न उभा राहिला. १९६५ च्या सुमारास अमेरिकेंत एमआयटी ही विद्यापीठसंस्था, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनी यांनीं 'मल्टिक्स' नांवाची संगणकव्यवस्था हातीं घेतली. तींत किल्ल्याच्या तटांसारखीं एकांत एक वलयें कल्पिलीं होतीं. आंतल्या वलयांत जावयाचें तर ठराविक दरवाजांनींच. आजच्या संगणकांतही अगदीं आंत जो कारभारी बसतो त्याला कर्नेल, म्हणजे गाभा, म्हणतात. परंतु हा गाभा वाढत वाढत अवाढव्य झाला आहे. लिनक्स नांवाच्या कर्नेलमध्यें दोन कोटींहून अधिक ओळींचा मजकूर आहे! एवढ्या वाड्यांत चोरवाट कोठेंच नसेल, असें कोण म्हणेल? म्हणून गुप्त किल्ली कर्नेलच्याही हातीं देऊं नये, हा विचार पुढें आला. इंग्लंडांतील आर्म कंपनीनें २००३ सालीं 'ट्रस्टझोन' जाहीर केलें. त्यांत एकाच प्रोसेसरचीं दोन जगें होतात, एक साधें व एक सुरक्षित. आणि साध्या जगाला सुरक्षित जगाची स्मृति दिसतच नाहीं. या बंदिस्त जागेला 'ट्रस्टेड एक्झिक्यूशन एन्व्हायर्नमेंट' असें लांबलचक नांव आहे. आपण तिला मुद्राघर म्हणूं.

आतां दाराची गोष्ट. मुद्राघराचें दार ठोठावण्याची एक खास आज्ञा आहे. ती कोणत्याही किरकोळ कार्यक्रमाला देतां येत नाहीं, कर्नेललाच देतां येते. कर्नेलमधील जो भाग हें काम करतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा आपला जासूद. अर्जदार कार्यक्रमाचा कागद घेऊन तो दोन्ही जगांना दिसणाऱ्या सामाईक जागेंत ठेवतो आणि दार ठोठावतो. आंतील अधिकारी काम करून उत्तर त्याच जागेंत ठेवतो.

हें दार कसें बांधावें? पहिला नियम, मागण्या थोड्या आणि ठरलेल्या असाव्या. 'किल्ली द्या' ही मागणी नसावीच. 'या मजकुरावर मुद्रा उमटवा' एवढीच असावी. ग्लोबलप्लॅटफॉर्म या संस्थेनें २०१० सालीं जो सर्वमान्य नमुना प्रसिद्ध केला, त्यांत बोलणें उघडणें, काम सांगणें व बोलणें मिटविणें हीच रीत आहे, आणि एका मागणीबरोबर चारांहून अधिक बाबी देतां येत नाहींत. दुसरा नियम, कागद जासुदाच्या हातांत असतांना तपासूं नये. सामाईक जागेंतील मजकूर तपासणी चालू असतांही बाहेरून बदलतां येतो. म्हणून आधीं आपली नक्कल आंत घ्यावी आणि मग ती नक्कलच तपासावी. तिसरा नियम, मुद्राघरालाही बाहेरच्या नोकराची गरज लागते. त्याला स्वतःचें कोठार नसलें तर वस्तु बाहेर ठेवण्यास द्यावी लागते. अशा वेळीं ती कुलुपबंद, म्हणजे गूढलिपींत, करूनच द्यावी. पूर्वीं ज्याचें त्याचें दार निराळें असे. जुलै २०१७ मध्यें निघालेल्या लिनक्सच्या ४.१२ या आवृत्तींत या जासुदाचा सर्वांना सामाईक असा सांगाडा दाखल झाला.

चौथा नियम ठेंच लागून उमगला. त्याच २०१७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधकांनीं 'बूमरँग' या नांवानें एक दोष जगापुढें मांडला. अर्जदार म्हणतो, 'उत्तर अमुक जागीं लिहा.' ती जागा त्याची स्वतःची नसून कर्नेलची असते. जासूद ती नीट पारखीत नाहीं. आंतील अधिकाऱ्याला ती कोणाची हें कळण्याचा मार्गच नाहीं, आणि लिहिण्याचा अधिकार तर अमर्याद. तो भोळेपणानें लिहितो, आणि परक्याच्या घरांत शाई सांडते! किल्ली चोरीला गेली नाहीं, भिंत फुटली नाहीं. खरी मुद्रा खोट्या कागदावर उमटली एवढेंच. तेव्हां अर्जदार कोण आणि दाखविलेली जागा त्याचीच आहे काय, याची चौकशी जासुदानें दाराबाहेर केलीच पाहिजे.

आतां अंगठ्याकडे येऊं. देशांतील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं दिले गेले. पुढें एकदां घेतलेला ठसा साठवून पुन्हा वापरल्याची तक्रार २०१७ सालीं आधार प्राधिकरणानेंच पोलिसांकडे नोंदविली. त्या काळांत नोंदणीकृत यंत्रांची पद्धत आली. तींत दोन पायऱ्या ठरविल्या: एकींत ठशावर सही व गूढलेखन बाहेरील आज्ञावलींत होतें, दुसरींत तें मुद्राघरांतच झालें पाहिजे, म्हणजे यंत्राच्या मालकालाही किल्ली मिळूं नये व मध्येंच परका ठसा घुसडतां येऊं नये. मुद्राघर प्रत्येक कारखानदार आपल्या परीनें बांधतो, परंतु दाराची चिंता सर्वांना सारखीच.

हें सारें योग्यच झालें. दुर्बळाच्या नांवावर दुसऱ्यानें धान्य उचलूं नये, म्हणून दार भक्कम हवें. परंतु मीं एका दुकानांत पाहिलेलें दृश्य विसरूं शकत नाहीं. फडावरून परतलेली एक बाई अंगठा पुसून पुसून यंत्रावर ठेवीत होती, आणि यंत्र तीनदां 'नाहीं' म्हणालें. कोयत्याच्या मुठीनें अंगठ्यावरील रेषा झिजल्या होत्या. मुद्राघरानें आपलें काम चोख केलें होतें: ठसा वाटेंत बदलला नव्हता, निरोप अस्सल होता. मुद्रा खरी होती. 'नाहीं' हा मजकूर मात्र खोटा होता.

म्हणून यंत्राच्या शब्दालाही मर्यादेचा शिक्का हवा. निरोप अस्सल आहे एवढेंच तें सांगूं शकतें. समोरचा मनुष्य उपाशी राहावा कीं नाहीं हें ठरविण्याचा त्याला अधिकार नाहीं. केवळ ठसा जुळला नाहीं म्हणून धान्य नाकारूं नये, अशी सूचना केंद्र सरकारनें २०१७ सालींच राज्यांना दिली होती. त्या बाईला अखेर दुकानदारानें ओळख पटवून, वहींत नोंद करून धान्य दिलें. यंत्राचा मजकूर जेथें संपला, तेथून पुढें त्यानें स्वतः वाचलें.