लाकडावर कोरलेले नाव : पाळण्यावरच्या पाटीमागचा इतिहास

१/
बाळाच्या खोलीत पाळण्याच्या वर, सागाच्या किंवा प्लायवुडच्या फळीतून कापलेले बाळाचे नाव टांगण्याची पद्धत आज शहरी घरांत रुळली आहे. पाटी साधी, पण तिच्यामागचा प्रश्न साधा नाही. ज्या समाजात तान्ह्या मुलाचे नाव कानात सांगितले जाई, त्या समाजात ते भिंतीवर कसे आले? हा प्रवास समजून घेण्यासाठी हा थ्रेड.

२/
लाकडावर अक्षरे कोरण्याची महाराष्ट्रातील परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील भाजे येथील चैत्यगृह इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. त्याच्या पाषाणी छताला आतून लाकडी कमानी जोडलेल्या आहेत. १९५०च्या दशकात या कमानींवर लहानसे ब्राह्मी लेख आढळले. डोंगराच्या पोटातील आडोशामुळे ते लाकूड तगले आणि त्यावरील अक्षरेही तगली.

३/
दुसरे उदाहरण छत्तीसगढमधील किरारी गावचे. १९२१ साली तेथील तलावाचे पाणी आटले आणि गाळातून एक लाकडी खांब वर आला. त्यावर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ब्राह्मी लिपीत राज्यातील अधिकाऱ्यांची पदे व नावे कोरलेली होती : नगररक्षक, सेनापती, प्रतीहार, गणक, भांडागारिक इत्यादी. एका राज्याची नामावलीच लाकडात उतरली होती.

४/
हा खांब शतकानुशतके टिकला तो पाण्याखाली, कारण तेथे त्याला हवा लागली नाही. बाहेर काढून उन्हात ठेवताच लाकूड वाळले, तडकले आणि अक्षरांसह ढलप्या गळून पडल्या. त्यापूर्वीच गावातील एका जाणत्या पुरोहिताने दिसतील तशी अक्षरे उतरवून घेतली होती. आज त्या लेखातील बहुतेक नावे ठाऊक आहेत ती या हातनकलेमुळे.

५/
भाजे आणि किरारी येथील लेखन मोठ्यांच्या जगाचे आहे. तान्ह्या मुलाचे नाव मात्र लिहिण्याची नव्हे, तर उच्चारण्याची वस्तू होती. पारस्कर गृह्यसूत्रात नामकरणाचे नियम आहेत. जन्मानंतर दहाव्या दिवशी पित्याने नाव ठेवावे; मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, त्याचा आरंभ घोष वर्णाने व्हावा. मुलीच्या नावाची अक्षरे विषम असावीत आणि अंती ‘आ’ यावा. हे सारे नियम कानासाठी आहेत, डोळ्यांसाठी नाहीत.

६/
आश्वलायन गृह्यसूत्र याहून एक पाऊल पुढे जाते. व्यवहारातील नावाखेरीज मुलाला आणखी एक नाव द्यावे आणि उपनयनापर्यंत ते केवळ आईवडिलांनाच ठाऊक असावे, असे ते सांगते. नाव हाती लागले की माणूस हाती लागतो, ही समजूत जगातील अनेक संस्कृतींत आढळते. त्यामुळे नाव झाकून ठेवणे हा मुलाला जपण्याचाच एक मार्ग ठरे.

७/
मराठी घरांतील सटवाईची पूजाही याच भीतीशी जोडलेली आहे. जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहिते, अशी श्रद्धा. तिच्यासाठी पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवली जाई. म्हणजे बाळाविषयीचा पहिला लेख अदृश्य, आणि तो माणसांनी लिहिलेला नव्हे. नाव त्यानंतर येई, बाराव्या दिवशी. म्हणून ते ‘बारसे’.

८/
बारशाचे स्वरूप सूत्रग्रंथांहून वेगळे आहे. येथे कर्त्या असतात त्या घरातल्या व शेजारच्या बायका. बाळाला पाळण्यात घालतात, पाळणे गातात आणि आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते. नावाचा पहिला श्रोता स्वतः बाळच असते. पाहुण्यांना ते नंतर कळते आणि मग घुगऱ्या वाटल्या जातात.

९/
नाव लिहिले जाई तेव्हाही ते पुसण्यासाठीच. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव रेखायचे, आणि थोड्या वेळाने तेच तांदूळ गोळा व्हायचे. लग्नानंतर सुनेचे नवे नावही असेच तांदळात उमटे. पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर धूळ पसरून मुले अक्षरे गिरवीत. ती धूळपाटी. लाकूड घरात होते, अक्षरही होते. पण त्या लाकडावरचे अक्षर हात फिरवताच नाहीसे होणारे होते.

१०/
या अस्थिरतेचे कारण मृत्यू. यमुना नावाने जन्मलेली आणि लग्नानंतर आनंदी झालेली मुलगी चौदाव्या वर्षी आई झाली. तिचे बाळ दहा दिवस जगले. बाराव्या दिवसापर्यंत ते पोहोचलेच नाही. हीच आनंदीबाई जोशी पुढे अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे शिकून १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांच्या शिक्षणाच्या मुळाशी हे दहा दिवस होते.

११/
हे दुःख एका घरापुरते नव्हते. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालमृत्यूंची नोंद आहे. जन्मांची नोंद अपुरी असल्याने हा आकडा काहीसा फुगलेला असणार. तरीही एका खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगारांच्या घरांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक होते, याविषयी शंका नाही. त्या खोलीत पाळण्यासाठीच जागा नसे, तर नावाच्या पाटीसाठी कोठून असणार?

१२/
या भीतीतूनच काही नावे घडली. आधीची मुले दगावलेल्या घरात नव्या मुलाला दगडू, केरू, उकिरडा अशी नावे ठेवीत. अशा टाकाऊ नावाच्या मुलाकडे दृष्ट किंवा मृत्यू वळणार नाही, ही आशा. अर्थात, धोंडू हे नाव धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात जन्मलेल्या मुलालाही मिळे. म्हणून प्रत्येक धोंडूमागे शोक शोधणे योग्य नव्हे.

१३/
दगडूचे नाव प्रेमापोटी ओबडधोबड होते. ‘नकुशी’ मात्र तशी नाही. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली की तिला नकुशी म्हणत. तिचे नाव हीच तिच्याविषयीची नापसंती. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नाव माणसाच्या अंगावर किती खोल कोरले जाते, हे समजण्यासाठी लाकडाची गरज नाही.

१४/
मग बदलले काय? देवी रोगाचा भारतातील अखेरचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. लसीकरण, रुग्णालयातील बाळंतपण, स्वच्छ पाणी यांनी उरलेले काम केले. १९७१ साली देशात दर हजार जन्मांमागे १२९ अर्भके वर्ष पुरे होण्याआधी दगावत. २०२० साली हे प्रमाण २८ वर आले, तर महाराष्ट्रात १६ वर. बाळ जगणार, हे गृहीत धरता येऊ लागले. भिंतीवरची पाटी या गृहीतकावर टांगलेली आहे.

१५/
कायद्यानेही नावाला सवड ठेवली. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नावाविना जन्म नोंदवता येतो आणि नाव नंतर भरता येते. दाखल्यावरचा तो रिकामा रकाना म्हणजे जणू बारशाची वाट पाहणारे दिवसच. दाखल्यावर नाव चढले की मात्र ते तांदळातल्या नावासारखे सहज पुसता येत नाही.

१६/
आता लाकडाकडे. कोकणात सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी पांगाऱ्यासारख्या हलक्या, मऊ लाकडापासून खेळणी व रंगीत फळे घडवली. नावाच्या पाटीसाठी साग, शिवण किंवा प्लायवुड वापरतात. नाव देवनागरीत कापायचे तर एक सोय आपोआप मिळते : शिरोरेषा. रोमन लिपीतील सुटी अक्षरे एकेक करून चिकटवावी लागतात. देवनागरी नाव शिरोरेषेच्या आधाराने अखंड निघते.

१७/
‘ग’, ‘ण’, ‘श’ या अक्षरांचे दोन भाग तर एकमेकांशी जोडलेले राहतात ते केवळ शिरोरेषेमुळे. म्हणून लाकडाच्या रेषा शिरोरेषेच्या दिशेने आडव्या ठेवतात. उभ्या ठेवल्या तर शिरोरेषाच मोडते. मात्र अशा आडव्या रेषांत बारीक उभा काना, उकाराची मान किंवा रफाराचा देठ कच्चा राहतो. प्लायवुडचे थर आलटूनपालटून आडवे-उभे असल्याने तेथे हा धोका कमी. अनुस्वाराचे टिंब मात्र सुटेच पडते. त्यासाठी मागे फळीचा आधार लागतो. सुटे टिंब बाळाच्या तोंडात जाऊ शकते, हेही त्याचे कारण.

१८/
रंगाचाही इतिहास आहे. तेलरंगांत शिसे मिसळण्याची रीत जुनी, आणि शिसे बालकांच्या मेंदूला घातक. भारतात २०१६च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित केले. जुन्या डब्यातील उरलेला रंग पाळण्याजवळच्या वस्तूला लावू नये, तो याचसाठी. कडा पॉलिश पेपरने गोल करणे आणि पाटी पाळण्यावर नव्हे, तर बाळाचा हात पोहोचणार नाही अशा भिंतीवर पक्की बसवणे, हे सुताराचे जुने शहाणपण आजही लागू आहे.

१९/
पाटीवर बहुधा एकच नाव असते, बाळाचे स्वतःचे. मराठी रिवाजात त्यापुढे वडिलांचे नाव व आडनाव येई. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांसाठी महाराष्ट्र शासनाने कागदपत्रांत बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला. बाराव्या दिवशी आत्याने कानात सांगितलेले नाव आता आईच्या नावाला लागून लिहिले जाते.

२०/
किरारीचा खांब हवेत येताच त्याची अक्षरे गळाली, भाज्याची टिकली. लाकूड आपण होऊन काहीच जपत नाही. कोणीतरी ते कोरडे ठेवावे लागते, कोणीतरी अक्षरे उतरवून घ्यावी लागतात. जुन्या घरांच्या माळ्यावर पाळणे, पाट, धूळपाट्या अजून पडून आहेत. त्यांवर एखादे नाव किंवा वर्ष दिसले, तर रंग देण्याआधी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. इतिहासाला त्याची गरज पडते.