वस्त्राचा अधिकार

1803 सालच्या सप्टेंबर महिन्याच्या 23 व्या तारखेस, आजच्या जालना जिल्ह्यांतील असई या खेड्याजवळ, केळणा व जुई या दोन लहानशा नद्यांच्या बेचक्यांत शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशीं जनरल वेलस्लीच्या इंग्रजी फौजेची गांठ पडली. वेलस्लीच्या फौजेंतील 74 वी व 78 वी या पलटणी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांतल्या, म्हणजे हायलँडर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होत्या. शिंद्यांच्या तोफांनीं 74 व्या पलटणीची अशी दैना केली कीं, तिचे बहुतेक अंमलदार त्याच शेतांत पडले. पुढें कंपनी सरकारनें या पलटणींस बहुमानाचीं निशाणें दिलीं आणि मराठवाड्यांतील एका खेड्याचें नांव हत्तीच्या आकृतीसह दूरच्या स्कॉटिश शिपायांच्या मानचिन्हांत जाऊन बसलें.

हे शिपाई ज्या देशाचे, त्या देशांत त्यांच्या पोशाखावरील कायद्याची बंदी उठून त्या वेळीं अवघीं एकवीस वर्षें झालीं होतीं. 1746 च्या एप्रिलांत कलोडनच्या माळावर बंडखोर हायलँडरांचा पाडाव झाला. त्यानंतर पार्लमेंटनें जे निर्बंध केले, त्यांतील एक केवळ कपड्यांविषयीं होता. पुरुष असो वा मुलगा असो, त्यानें गुडघ्यापर्यंतचा किल्ट, खांद्यावरचें लांब पांघरूण किंवा टार्टन नांवाच्या चौकटीदार लोंकरी कापडाचा डगला घातला, तर पहिल्या अपराधास सहा महिने तुरुंग आणि दुसऱ्यास सात वर्षें समुद्रापलीकडे हद्दपारी. राजाच्या सैन्यांत चाकरीस असलेल्यांस मात्र तोच पोशाख मोकळा होता. जें वस्त्र बापानें घरीं घातल्यास गुन्हा, तेंच मुलानें सरकारी पगारावर घातल्यास शिस्त! ही बंदी 1782 साली उठली. तोंपर्यंत जुनी पिढी संपत आली होती आणि सामान्य हायलँडर विजार घालूं लागला होता.

यापुढची हकीकत मोठी गमतीची आहे. अमक्या कुळाचें अमकेंच टार्टन, तें दुसऱ्या कुळाच्या माणसानें घालूं नये, असा समज आज जगभर रूढ आहे. वस्तुतः बंदीपूर्वीच्या काळीं असा नियम असल्याचा भक्कम पुरावा नाहीं; त्या त्या भागांतला कोष्टी जवळ सांपडणाऱ्या रंगांत जें विणी, तें त्या भागांतले लोक घालीत. बॅनकबर्न गांवचे विल्सन नांवाचे कापडवाले आपल्या नमुन्यांना प्रथम नुसते आंकडे देत. पुढें गिऱ्हाइकांची आवड ओळखून त्यांतील पुष्कळांस कुळांचीं नांवें मिळालीं. 1815 साली लंडनच्या हायलँड सोसायटीनें कुळांच्या प्रमुखांकडे त्यांच्या त्यांच्या टार्टनचे नमुने मागितले, तेव्हां आपलें टार्टन कोणतें हें खुद्द कित्येक प्रमुखांसच ठाऊक नव्हतें. 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. दीडशेंहून अधिक वर्षांत गादीवरच्या राजाची स्कॉटलंडला ही पहिलीच भेट. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनीं समारंभाची मांडणी केली आणि जो पोशाख माणसाच्या एका आयुष्याच्या आंत अपराध होता, तोच राजानें स्वतः अंगावर चढविला. 1842 साली दोघां भावांनीं एक पुरातन हस्तलिखित म्हणून टार्टनांचा ग्रंथ छापला. तो बनावट ठरला, परंतु त्यांतील नमुने आजही दुकानांतून विकले जातात. स्कॉटलंडांत 2008 च्या कायद्यानें टार्टनांची सरकारी नोंदवही झाली. तरी कोणीं कोणतें टार्टन घालावें याला कायद्याचा अडसर नाहीं. बाल्मोरल नांवाचें राजघराण्याचें टार्टन तेवढें संकेतानें राखून ठेवलेलें आहे.

महाराष्ट्रांत वस्त्रांचें राजकारण याहून जुनें आणि याहून उघड होतें. येथें वस्त्र मिळणें म्हणजेच अधिकार मिळणें. डोक्यापासून पायांपर्यंतचा पोशाख तो 'सर-ओ-पा'. त्याचाच मराठींत शिरपाव झाला. पेशवा कितीही बलाढ्य असो, साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईचीं वस्त्रें आल्यावांचून तो पेशवा नव्हे. 1773 साली नारायणरावांचा खून झाला. त्याच वर्षीं रघुनाथरावांनीं वस्त्रें मिळविलीं. पुढच्या सालीं बारभाईंनीं सवाई माधवरावांस वस्त्रें आणविलीं, तेव्हां त्या पेशव्यांचें वय अवघें चाळीस दिवसांचें होतें. पाळण्यांतल्या मुलास तीं नेसतां येणार नव्हतीं हें काय कोणास कळत नव्हतें? परंतु वस्त्र अंगावर बसतें कीं नाहीं हा प्रश्न नव्हताच. तें कोणाच्या नांवानें निघालें, एवढाच प्रश्न होता. 1796 साली तर एका वर्षाच्या आंत आधीं चिमाजीआप्पा व मग दुसरे बाजीराव, अशा दोघां भावांस पाठोपाठ वस्त्रें झालीं.

पालखी, अबदागीर, चवरी, चौघडा यांचीही तीच गोष्ट. हीं सुखसोयीचीं साधनें नव्हत. तीं कोणी वापरावीं हें सनदेनें ठरे. मोंगलाईंतही असाच दंडक होता. औरंगजेब बादशहानें 1695 साली रजपुतांखेरीज इतर हिंदूंनीं पालखींत, हत्तीवर अगर उंची घोड्यावर बसूं नये व हत्यार बाळगूं नये, असा हुकूम काढला. त्यानंतर चारच वर्षांनीं, 1699 साली, पंजाबांत आनंदपूर येथें गुरु गोविंदसिंहांनीं खालसा पंथाची स्थापना केली. जाट, न्हावी, धोबी, शिंपी असे सगळे एका पंक्तीस बसले. सर्वांच्या नांवापुढें सिंह लागला, सर्वांच्या कमरेला शस्त्र आलें आणि सर्वांच्या मस्तकावर पगडी आली. तत्पूर्वीं जें सरदाराचें भूषण, तें पाणी वाहणाऱ्याचें झालें. हेच गुरु 1708 साली नांदेड मुक्कामीं गोदावरीच्या तीरीं निवर्तले. हजूर साहिबच्या आवारांत निळ्या उंच पगडीचे शीख पाहून परगांवचा यात्रेकरू कौतुकानें थबकतो, तेव्हां त्या निळ्या कापडामागें एका बादशाही हुकुमाला दिलेलें उत्तर आहे, हें त्याच्या ध्यानांत क्वचितच येतें.

नांदेडपासून उमरी कांहीं फार दूर नाहीं. 30 जानेवारी 1948 रोजीं स्वातंत्र्यसैनिकांनीं बँकेवर घातलेल्या छाप्यानें हें गांव हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांत नांवाजलें. मराठी व तेलुगू मुलुखांच्या शिवेवरचें हें रेल्वेचें गांव. अशा गांवच्या बाजारांत जुन्या काळीं माणसाची ओळख विचारून घेण्याची गरजच पडत नसे. पागोट्याच्या पिळावरून जात, धोतराच्या काष्ट्यावरून मुलूख, आणि आरसे बसविलेल्या घागऱ्यावरून तांडा कळे. बंजारा बाईचा तो भरतकामाचा पोशाख तिनें कोणाकडून मागून घेतला नव्हता आणि कोणीं तिला तो सोडावयासही लावला नव्हता. आतां शहरांतल्या दुकानांतून त्याच्या पिशव्या व जाकिटें झालीं आहेत. त्यांत दोष कांहीं नाहीं, मात्र विणणारीच्या हातीं काय उरतें, हें विचारावयास हवें.

निजामी अंमलांत दरबाराचा पोशाख ठरलेला होता: अंगांत शेरवानी, कमरेला 'बगलस' नांवाचा पट्टा आणि डोक्यास दस्तार. महाराजा किशनप्रसाद यांच्यासारखे हिंदू मुत्सद्दी असोत कीं मुसलमान अमीर असोत, दरबारांत दोघेही याच वेषांत उभे राहत. शेरवानी हा केवळ मुसलमानी पोशाख आहे, ही समजूत मागाहूनची. मराठवाड्यांतले कित्येक देशमुख-देशपांडे कचेरीला शेरवानींत जात व घरीं येऊन धोतर नेसत. त्यांत त्यांना विसंगति वाटत नसे. विसंगति वाटूं लागली ती निवडीचा हक्क उरला नाहीं असें दिसूं लागल्यावर. 1938 साली उस्मानिया विद्यापीठांत वसतिगृहांतील विद्यार्थ्यांच्या वंदे मातरम् म्हणण्यास मनाई झाली. शेंकडों मुलांनीं विद्यापीठ सोडलें, आणि नागपूर विद्यापीठानें त्यांतील पुष्कळांस आसरा दिला. तो झगडा गीताचा होता. परंतु ज्या वर्षीं काय म्हणावें हें सरकार ठरवूं लागतें, त्या वर्षीं काय घालावें हेंही डोळ्यांत खुपूं लागतें. खादीची पांढरी टोपी व शेरवानी यांच्यांतला फरक त्यानंतर कापडाचा राहिला नाहीं, पक्षाचा झाला. इंग्रजी मुलुखांतही 1921 च्या सुमारास कित्येक कचेऱ्यांत व न्यायालयांत गांधी टोपीस अशीच मनाई झाली होती. 17 सप्टेंबर 1948 नंतर दस्तार व बगलस पेट्यांत गेले, आणि पुढें पेट्याही मोडीच्या बाजारांत गेल्या.

येथवर सांगितलें तें बहुधा दरबाराचें व पदवीचें झालें. जेथें पोटाशीं व अब्रूशीं गांठ पडते, तेथें हा विषय हसण्यावारीं नेण्यासारखा राहत नाहीं. त्रावणकोर संस्थानांत नाडर स्त्रियांनीं वक्षःस्थळ झांकावें कीं नाहीं यावरून कित्येक वर्षें दंगे झाले, आणि 1859 साली महाराजांनीं परवानगी दिली तीही वरिष्ठ जातींच्या स्त्रियांसारखें वस्त्र घ्यावयाचें नाहीं या अटीवर. महाराष्ट्रांत असा छापील हुकूम निघाला नाहीं, कारण त्याची आवश्यकताच नव्हती. अस्पृश्य स्त्रीनें लुगडें किती खालीं नेसावें, तिच्या अंगावर कोणत्या धातूचा दागिना असावा, तिच्या नवऱ्यानें गांवांतून जातांना पायांत जोडा घालावा कीं हातांत धरावा, हें गांव जाणून होतें. स्कॉटलंडचा कायदा 1746 सालचा म्हणून सांगतां येतो आणि 1782 साली तो रद्द झाला म्हणून सांगतां येतें. गांवाच्या या कायद्याला जन्मतारीख नव्हती. म्हणून तो रद्द करण्यास पार्लमेंटही नव्हतें.

1927 सालच्या डिसेंबरांत महाड येथें सत्याग्रह परिषद भरली. 25 तारखेस मनुस्मृतीचें दहन झालें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यामानानें 27 तारखेचें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें स्त्रियांपुढील भाषण थोड्यांनाच आठवतें. त्यांत धर्मशास्त्राचा काथ्याकूट नव्हता. अगदीं घरगुती गोष्ट होती. लुगडें नेसण्याची जी तऱ्हा तुमची जात ओळखून देते ती टाका, वरिष्ठ वर्गांतल्या बायकांप्रमाणें पायांपर्यंत नेसा. गळ्यांतल्या गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचीं ओझीं उतरवा. कपडे फाटके असले तरी चालतील, स्वच्छ असावेत, असा त्यांचा भावार्थ होता. त्याच मुक्कामांत कित्येक स्त्रियांनीं लुगड्याची तऱ्हा बदलली. नवें कापड आणावयाचें नव्हतें, पैसा खर्चावयाचा नव्हता. तेंच लुगडें वीतभर खालीं सोडावयाचें होतें. तेवढी वीत सोडण्यास लागणारें धैर्य मात्र असईच्या तोफांपुढें चालत जाणाऱ्या शिपायाहून कमी म्हणतां येणार नाहीं. कारण शिपायाच्या दोन्ही बाजूंस त्याची पलटण होती, आणि या बाया परत आपापल्या गांवीं जावयाच्या होत्या. घटनेनें 26 जानेवारी 1950 पासून अस्पृश्यता नष्ट केली. तरीही देशाच्या कांहीं भागांतून दलित नवरदेवाच्या फेट्यावरून व घोड्यावरून मारहाण झाल्याच्या बातम्या अजून येतात.

पुण्याच्या पगडीची कथा त्या मानानें सौम्य आहे. पागोटें रोज बांधावयाचें, पगडी एकदां बांधून ठेवावयाची. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्या मस्तकांमुळें पुणेरी पगडी सर्व हिंदुस्थानास परिचित झाली आणि 2009 साली तिला भौगोलिक निर्देशनाचें संरक्षण मिळालें. तें संरक्षण नांवाचें व बनावटीचें आहे; ती कोणीं घालावी याविषयीं त्यांत चकार शब्द नाहीं. म्हणूनच 2018 च्या जूनमध्यें पुण्यांतील एका राजकीय सभेंत पुणेरी पगडीऐवजीं महात्मा फुल्यांचें पागोटें पाहुण्यास घालण्यांत आलें, तेव्हां कोणताही नियम मोडला नाहीं, पण वर्तमानपत्रांना आठवडाभर पुरेल एवढा वाद झाला. गंमत ही कीं, आज दोन्हीही तयारच विकत मिळतात, आणि पुष्कळ वेळां एकाच दुकानांत.

असईवर लढलेल्या हायलँडरांचा इकडे राहिलेला अवशेष म्हणजे बॅगपाइप. हिंदी सैन्याच्या अनेक पलटणींतील पाइपवाले आजही खांद्यावर चौकटीदार पट्टा टाकून संचलनांत चालतात; तो कोणत्या कुळाचा, हें त्यांना कोणी विचारीत नाहीं. उलट, विसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडांत स्थायिक झालेल्या एका शीख गृहस्थानें तेथें एक नवें टार्टन विणवून घेतलें. त्याचें नांव 'सिंग'.